शिकारीच्या हंगामात कोरड्या कॅन्यनचा ट्रेक: कोणत्या क्रमाने काय करायचं

ऑक्टोबर लागला की डेन्व्हर, बोल्डर, सॉल्ट लेक सिटीकडची आपली मंडळी पश्चिम कोलोराडोतल्या लाल दगडाच्या कॅन्यनकडे निघतात. उन्हाळ्याची काहिली संपलेली असते, बर्फ अजून पडायचा असतो, भारतातून आलेले आईबाबाही बऱ्याचदा सोबत असतात. नेमका हाच काळ तिथल्या शिकारीच्या हंगामाचा. महाराष्ट्रात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर असा हंगाम आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलाच नाही, त्यामुळे ट्रेकची तयारी करताना तो डोक्यातच येत नाही.

बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो: आधी फोटो बघून कॅन्यन निवडायचं, मग हॉटेल, मग आदल्या रात्री हवामान, आणि शिकारीचं कळतं ते थेट पार्किंगमध्ये, नारिंगी टोप्या घातलेली माणसं दिसल्यावर. हा क्रम उलटा आहे. आधी जमीन, मग तारीख, मग आकाश, मग कपडे आणि शेवटी पिशवी, असं गेलात तर निम्म्या अडचणी घरीच मिटतात.

उदाहरण म्हणून ग्रँड जंक्शनजवळच्या फ्रूटा गावाबाहेरचं डेव्हिल्स कॅन्यन घेतलं आहे. आत शिरून मोठा फेरा मारून परत यायला साधारण ११ किलोमीटर, रमतगमत चार ते पाच तास. युटा किंवा ॲरिझोनात जाणार असाल तर क्रम हाच ठेवा, नियम मात्र त्या त्या राज्याचे बघा.

## १. जमीन कोणाची आहे ते आधी बघा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ‘सरकारी जागा आहे, म्हणजे अभयारण्यासारखी असेल’ असं आपण सहज धरून चालतो. अमेरिकेत सरकारी जागांचे प्रकार अनेक आहेत आणि शिकारीचा नियम प्रत्येक प्रकाराला वेगळा आहे.

फ्रूटाच्या दक्षिणेला कोलोराडो नॅशनल मॉन्युमेंट आहे. ते १९११ सालचं, नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ताब्यातलं. तिथे शिकारीला बंदी आहे. त्याला अगदी लागून पश्चिमेला मॅकिनिस कॅन्यन्स नॅशनल कॉन्झर्वेशन एरिया आहे. ती जमीन ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची, म्हणजे बीएलएमची, आणि तिथे हंगामात शिकार कायदेशीर आहे. डेव्हिल्स कॅन्यन या दुसऱ्या भागात येतं. दोन्हीकडे तोच लाल खडक आणि तीच जुनिपरची झाडं, त्यामुळे नुसतं बघून फरक कळत नाही.

नॅशनल फॉरेस्टमध्येही शिकार चालते. काही स्टेट पार्कमध्ये चालते, काहींत नाही. ‘स्टेट वाइल्डलाइफ एरिया’ असं नाव दिसलं तर आणखी सावध व्हा. कोलोराडोत तिथे नुसतं फिरायलाही शिकारीचा किंवा मासेमारीचा परवाना, नाहीतर त्या जागांसाठीचा वेगळा पास लागतो.

ज्या ॲपमध्ये जमिनीची मालकी वेगवेगळ्या रंगांत दिसते ते उघडा आणि तुमची वाट बोटाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरवून बघा. वाट मध्येच एका हद्दीतून दुसरीत जाते का, आणि खासगी कुरणातून जाते का, हे दोन्ही टिपून ठेवा.

तपासणी: सोबत लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील आणि शिकारीचा विचारच नको असेल, तर इथेच थांबा आणि शिकारबंदी असलेल्या मॉन्युमेंटमधली वाट निवडा. नो थरोफेअर कॅन्यन तिथलंच आहे, तेही सुंदर आहे. पुढची तयारी तरीही लागेलच, फक्त गोळीची काळजी उरत नाही.

## २. मग तारीख ठरवा

‘हंगाम’ म्हणजे एकच सलग काळ नसतो. कोलोराडोत हरीण आणि एल्क (हरणाचीच मोठी जात) यांच्यासाठी सप्टेंबरभर धनुष्यबाणाचा हंगाम असतो. त्याच महिन्यात काही दिवस नळीच्या तोंडातून दारू ठासायच्या जुन्या पद्धतीच्या बंदुकीचे. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत रायफलचे चार वेगवेगळे हंगाम, मध्ये मोकळे दिवस सोडून. तारखा दरवर्षी थोड्या सरकतात. कोलोराडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ, म्हणजे सीपीडब्ल्यू, दरवर्षी मोठ्या प्राण्यांच्या शिकारीची पुस्तिका काढते. ती त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळते आणि विभागवार नकाशेही तिथेच असतात. ब्लॉगवर सापडलेल्या मागच्या वर्षीच्या तारखांवर विसंबू नका.

दोन रायफल हंगामांच्या मधल्या मोकळ्या दिवसांत जाता आलं तर उत्तम. ते जमत नसेल तर निदान हंगामाचा पहिला शनिवार-रविवार टाळा, कारण तेव्हा गर्दी सर्वांत जास्त असते. आठवड्याच्या मधला बुधवार-गुरुवार त्या मानाने शांत जातो.

सप्टेंबरबद्दल एक वेगळी गोष्ट. तिरंदाजांना नारिंगी कपड्यांची सक्ती नसते, त्यामुळे ते डोक्यापासून पायापर्यंत झाडोऱ्याच्या रंगात असतात आणि दहा पावलांवर असले तरी दिसत नाहीत. छऱ्याच्या बंदुकीने चुकार नावाचे तितरासारखे पक्षी मारणाऱ्यांनाही ही सक्ती नाही, आणि चुकार तर नेमके असल्या खडकाळ उतारांवरच असतात. म्हणून ‘नारिंगी कोणी दिसत नाही, म्हणजे शिकारी नाहीत’ असा अर्थ काढू नका.

इशारा: नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. ऑक्टोबरच्या शेवटी ग्रँड जंक्शनला सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो, घड्याळ बदलल्यावर तोच पाचच्या थोडं पुढे. ऑक्टोबरात आखलेलं वेळापत्रक जसंच्या तसं नोव्हेंबरात वापरणारे अंधारात अडकतात.

## ३. आकाश बघा, पण वरच्या अंगाचं

कोरडं कॅन्यन कोरडं दिसतं, पण ते पाण्यानेच कोरलेलं असतं. तिथे पुराचं पाणी तुमच्या डोक्यावरच्या ढगातून येईलच असं नाही. ते कित्येक किलोमीटर लांब, पठारावर पडलेल्या पावसाचं असतं. खडकाळ जमीन पाणी मुरू देत नाही, सगळं एका ओढ्यात गोळा होतं आणि निळ्या आकाशाखाली लोंढा येतो. उन्हाळी वादळं सप्टेंबरच्या मध्यानंतर ओसरतात हे खरं, पण ऑक्टोबरात पश्चिमेकडून येणाऱ्या हवेच्या पट्ट्यांतून चांगला पाऊस पडू शकतो.

नॅशनल वेदर सर्व्हिसच्या संकेतस्थळावर नकाशावर टिचकी मारली की त्या ठिकाणाचा अंदाज मिळतो. डेव्हिल्स कॅन्यनसाठी फ्रूटावर टिचकी मारून काम होत नाही. दक्षिणेच्या ग्लेड पार्क आणि ब्लॅक रिजच्या पठारावर मारा, कारण पाणी तिकडून येतं. पुराचा ‘वॉच’ असेल तर तशी शक्यता आहे असं समजायचं. ‘वॉर्निंग’ म्हणजे पूर आलाय किंवा येऊ घातलाय. माझं मत स्पष्ट आहे: वॉच असला तरी चिंचोळ्या घळीत जाऊ नका, दुसरा दिवस बघा.

पाऊस पडून गेल्यानंतरही एक दिवस जाऊ द्या. इथली चिकणमाती ओली झाली की बुटांना वीतभर चिकटते आणि कच्च्या रस्त्यावर गाडी आडवी होते.

तापमानाचा फरकही लक्षात घ्या. ऑक्टोबरच्या शेवटी दुपारी १६-१७ अंश असलं तरी पहाटे तीन-चार अंश असतं, आणि कॅन्यनच्या तळाशी ऊन उशिरा येतं व लवकर जातं.

## ४. रंग: इथे घाई करू नका

कोलोराडोत रायफलने मोठी शिकार करणाऱ्याला कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी रंग घालावा लागतो. म्हणजे साधारण ५७ सेंटिमीटर बाजूचा चौकोन भरेल इतका. शिवाय त्याच रंगाची टोपी, सगळ्या बाजूंनी दिसेल अशी. तुमच्यावर, नुसत्या चालणाऱ्यावर, ही सक्ती नाही. तरीही हेच माप स्वतःला लावून घ्या. शिकाऱ्याचा डोळा याच रंगाला ‘माणूस’ म्हणून ओळखायला सरावलेला असतो.

त्यातल्या नेहमीच्या चुका अशा.

भगवा किंवा केशरी टी-शर्ट चालेल असं अनेकांना वाटतं. तो चालत नाही. लाल वालुकाश्माच्या भिंतीसमोर साधा केशरी रंग पन्नास पावलांवरून विरून जातो. लागतो तो रस्त्यावर काम करणारे लोक घालतात तसला, डोळ्यात घुसणारा नारिंगी. हार्डवेअरच्या किंवा शिकारीच्या सामानाच्या दुकानात असलं जॅकीट थोड्या डॉलरांत मिळतं.

दुसरी चूक जॅकीट घालण्याच्या पद्धतीत. जॅकीट अंगावर आणि त्याच्यावर काळी सॅक घेतली की पाठीमागून तुम्ही काळेच दिसता. जॅकीट दोन नंबर मोठं घ्या आणि सॅकच्या वरून घाला, किंवा सॅकवर वेगळं नारिंगी कव्हर चढवा. घरी आरशाकडे पाठ करून बघा, किंवा घरच्या कोणाला अंगणात वीस पावलं लांब उभं करून फोटो काढायला सांगा. फोटोत वाकलेली, बसलेली आणि पाठमोरी अशा तिन्ही अवस्थांत रंग दिसला पाहिजे. बूट बांधायला वाकलेला माणूस झुडपाआडून जनावरासारखा दिसतो, आणि नेमकी त्याच वेळी डोक्यावरची टोपी कामी येते.

तिसरी चूक आईबाबांच्या कपड्यांची, आणि हिच्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही. बाबांचा तपकिरी हातविणीचा स्वेटर, पांढरी टोपी, आईची करडी शाल. इथल्या म्यूल हरणाचं अंग करडं-तपकिरी असतं आणि शेपटीभोवतीचा भाग पांढरा. म्हणजे नेमके तेच रंग. स्वेटर राहू द्या, पण त्याच्यावर जॅकीट आणि माकडटोपीवर नारिंगी टोपी हवीच. घाम पुसायला पांढरा रुमालही नको, रंगीत घ्या. आईबाबा ‘कसं दिसतं ते!’ म्हणून कुरकुर करतील, पण पार्किंगमध्ये सगळ्यांच्या अंगावर तोच रंग दिसला की तयार होतात.

कुत्रा नेत असाल तर त्यालाही नारिंगी जॅकीट घाला आणि दोरी सोडू नका.

हरणाला हा रंग आपल्यासारखा उठून दिसत नाही. त्यामुळे तुमच्या जॅकीटने शिकाऱ्याचं काही बिघडत नाही. संकोच करू नका.

## ५. पिशवी

सह्याद्रीत गडावर टाक्यात पाणी मिळतं, पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी मिळते, वाट चुकली तर गुराखी भेटतो. इथे यातलं काहीही नाही. ट्रेलहेडवरही, म्हणजे वाट जिथून सुरू होते तिथेही, पाणी मिळेल असं धरू नका.

पाणी माणशी चार लिटर. थंड हवेत एवढं कशाला, असा प्रश्न येतो. हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसायच्या आत उडून जातो, म्हणून तहान कळत नाही आणि डोकं दुखायला लागल्यावर जाग येते. भारतातून आणलेली इलेक्ट्रालची पाकिटं घरात असतात, त्यातली दोन टाका. एक लिटर गाडीत वेगळं ठेवा, परतल्यावर लागतंच.

खायला जे कोरडं टिकतं ते: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू, चिवडा. बाकी हेडलॅम्प, तोही ताज्या बॅटरीचा आणि प्रत्येकाला एक. शिट्टी, एक उबदार थर, वारा अडवणारं जॅकीट, पट्ट्या आणि बँडेज, नेहमीची औषधं, छापील नकाशा. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून घ्या आणि विमान मोडवर टाकून तो उघडतो का ते घरीच बघा.

तपासणी: फोनवरून उपग्रहाद्वारे मदत मागायची सोय असेल (आयफोन १४ आणि त्यापुढच्यांत आहे), तर तिचा सराव घरी करा. तिला मोकळं आकाश लागतं. उंच भिंतींच्या मध्ये संदेश जायला वेळ लागतो किंवा जातच नाही, म्हणून तिच्या भरवशावर बाकीची तयारी कमी करू नका.

## ६. घरी चिठ्ठी ठेवा

न येणाऱ्या एका माणसाला लेखी कळवा: कोणतं ट्रेलहेड, कोणती वाट, किती जण, गाडीचा रंग आणि नंबर, अंगावरचे कपडे, कधी परतणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ९११ ला, म्हणजे तातडीच्या मदतीच्या नंबरवर, कळवायचं. ‘संध्याकाळपर्यंत येऊ’ याला अर्थ नाही, नेमकी वेळ हवी. पुण्यातल्या भावाला व्हॉट्सॲप करून ठेवणं पुरत नाही, कारण तुमची संध्याकाळ ही त्याची पहाट असते आणि तिथून ९११ लागत नाही. जवळ राहणारा मित्र निवडा.

## ७. ट्रेलहेडवरची दहा मिनिटं

कायद्याने मोठी शिकार सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत करता येते. जनावरांची हालचाल पहाटे आणि सांजवेळी जास्त, म्हणून शिकाऱ्यांचीही. तुम्ही नऊच्या सुमारास सुरुवात करून तीनपर्यंत गाडीपाशी परतण्याचं गणित मांडा.

पोहोचल्यावर आधी फलक वाचा. मग पार्किंगमधल्या गाड्या बघा. मागे जनावर ठेवायच्या मोठ्या शीतपेट्या किंवा घोड्यांची ट्रेलर दिसली तर आत शिकारी आहेत असं समजा. कोणी भेटलं तर सरळ विचारा: तुम्ही कोणत्या बाजूला जाणार आहात, आम्ही अमुक वाटेने जाऊन अमुक वाजता परतणार. बहुतेक जण आनंदाने सांगतात, कारण मध्ये कोण आहे हे कळणं त्यांनाही हवंच असतं.

निघण्याआधी प्रत्येकाने एकमेकांची पाठ बघायची. नारिंगी दिसतोय? चला.

## ८. घळीत चालताना

डेव्हिल्स कॅन्यनमध्ये सुरुवातीला वाटांचे फाटे बरेच आहेत, त्यांना डी-१, डी-२ अशी नावं आहेत. मोठा फेरा डी-३ चा. प्रत्येक फाट्यावर थांबून नकाशा बघा आणि मागे वळून एक फोटो काढा, कारण परतताना तीच जागा वेगळी दिसते. खालच्या अंगाला काळपट, अतिप्राचीन खडक लागतो. वर विंगेट वालुकाश्माचे उभे लाल कडे. आतल्या बाजूला गुराख्यांची एक जुनी लाकडी झोपडी आहे, जेवायला सगळे तिथेच थांबतात.

चालायचं ते ओढ्याच्या वाळूतून किंवा मळलेल्या वाटेवरून. कडेची काळसर, खडबडीत कवचासारखी माती जिवंत असते. त्यात सूक्ष्मजीव आणि शेवाळं असतं, माती वाऱ्याने उडू नये म्हणून तेच ती धरून ठेवतं. एका पावलाने मोडलेलं कवच परत बनायला वर्षानुवर्षं लागतात. शिवाय मळलेल्या वाटेवर माणूस असणार हे शिकाऱ्यालाही माहीत असतं, झुडपातून आडवाटेने येणारी हालचाल मात्र त्याला जनावराची वाटू शकते.

नेहमीच्या आवाजात बोलत चला. आपल्या मंडळींना हे सांगावं लागत नाही. पण जनावरं पळवून लावायला मुद्दाम आरडाओरडा करू नका. शिकारीत जाणूनबुजून अडथळा आणणं कोलोराडोत गुन्हा आहे. शिकार पटत नसली तरी तिथे वाद घालायची ती जागा नव्हे. दोघांनाही तिथे असण्याचा हक्क आहे.

ऊन असेल तर ऑक्टोबरातही रॅटलस्नेक दगडावर येऊन बसतात. हात टेकायच्या आधी बघा. कड्याच्या पायथ्याशी जेवायला बसू नका, थंडी-उन्हाच्या चक्राने दगड सुटतात.

इशारा: कावळ्यांचा मोठा जथा एका जागी घिरट्या घालताना दिसला तर तिकडे जाऊ नका. शिकारी जनावर जागेवरच साफ करून आतडी सोडून जातात, आणि थंडीआधी खाऊन घेणारं अस्वल किंवा माउंटन लायन (प्यूमा) तिथे येऊ शकतं.

## ९. गोळीचा आवाज आला तर

घाबरून पळू नका. कॅन्यनमध्ये आवाज भिंतींवर आपटून फिरतो, त्यामुळे तो कुठून आला याचा अंदाज हमखास चुकतो, आणि पळणारा माणूस झुडपातली हालचाल बनतो. जागीच थांबा. सगळ्यांना मोकळ्यावर, एकमेकांजवळ आणा. मोठ्याने इंग्रजीत हाक द्या की इथे माणसं आहेत. आवाज लांबचा असेल तर दोन मिनिटांनी वाटेवरून पुढे चला. जवळचा वाटला, किंवा पुन्हापुन्हा येत राहिला, तर आलेल्या वाटेने परत फिरा. झुडपांत किंवा दगडाआड लपू नका. लपलात की अंगावरच्या रंगाचा उपयोग संपला.

शिकारी समोर दिसला आणि त्याने अजून तुम्हाला पाहिलं नाही, तर हात हलवण्याआधी आवाज द्या. तो तुमच्याकडे वळून बघेपर्यंत स्थिर उभे राहा. तो नेम धरून असेल तर त्याच्या समोरून जाऊ नका, आणि मागूनही गुपचूप जाऊ नका. त्याने हाताने खूण केली की मगच पुढे.

समान अंतराने तीन शिट्ट्या किंवा तीन बार म्हणजे मदतीची हाक. अशी हाक ऐकू आली तर वेळ आणि दिशा टिपून घ्या आणि रेंज आली की ९११ ला कळवा.

## १०. परत फिरण्याची वेळ पक्की ठेवा

दोन खुणा आधीच ठरवा आणि कोणतीही एक आली की वळा. पहिली घड्याळाची: साडेबारा वाजले की, झोपडी आली असो वा नसो. दुसरी पाण्याची: सर्वांत कमी पाणी उरलेल्या माणसाची बाटली अर्धी झाली की. गटातल्या सर्वांत मंद चालणाऱ्याच्या वेगाने हिशेब करा, त्याला पुढे ठेवा आणि सर्वांत अनुभवी माणूस शेवटी.

वाटेत ओढ्यात गढूळ पाण्याची बारीक धार आली, काटक्या वाहताना दिसल्या किंवा वरून घरघर ऐकू आली, तर पिशवी गोळा करत बसू नका. जवळच्या बाजूने वर चढा आणि पाणी ओसरेपर्यंत तिथेच बसा. पात्रातून धावत बाहेर पडायचा प्रयत्न करू नका, लोंढ्याचा वेग तुमच्यापेक्षा जास्त असतो.

काही कारणाने उशीर झालाच तर अंधार पडायची वाट न बघता हेडलॅम्प लावा आणि तो बंद करू नका. अंधुक उजेडात नारिंगी रंग करडा दिसू लागतो, तेव्हा दिव्याचाच आधार असतो. वाट सापडत नसेल तर भटकत राहू नका. मोकळ्या, पात्रापासून उंच जागी थांबा, उबदार थर चढवा, दिवा चालू ठेवून दर काही मिनिटांनी तीन शिट्ट्या द्या.

गाडीपाशी पोहोचलात की पाणी पिण्याआधी त्या मित्राला कळवा. रेंज नसेल तर फ्रूटात शिरताच, जेवायला कुठे थांबायचं हे ठरवण्याआधी. ठरलेली वेळ उलटली तर तो ९११ लावेल आणि स्वयंसेवकांचं पथक रात्री कॅन्यनमध्ये उतरेल.